बेंजो मी वाजवत नव्हतो

हे मी सिंगापुरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, मंडळातल्या कुणालाही नाही. फक्त एका व्यक्तीला सांगितलं, याच वर्षी — आणि तिला त्यातलं बरंचसं आधीपासून माहीत होतं. मग त्याला सांगणं म्हणायचं का? चूक माझी आहे, एवढं आधी लिहून टाकतो. कारण लिहिता लिहिता मी ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलेन अशी मला भीती वाटते. तशी सवय आहे मला.

आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक बिनखिडकीची खोली आहे. बॉम्ब शेल्टर. इथे बहुतेकांकडे असते आणि बहुतेकजण तिथे रिकाम्या बॅगा, तांदळाच्या पिशव्या, बिघडलेले पंखे ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये सूटकेसांच्या मागे एक बेंजो पडून होता. जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. काही काढायला त्या खोलीत गेलो की मी त्या कोपऱ्याकडे पाहत नसे. न पाहणं मला चांगलं जमायला लागलं होतं.

तो बेंजो माझ्या काकांचा. दामूकाका. महाडच्या अलीकडे आमचं गाव, आणि त्या पट्ट्यात त्यांना दामू मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. बेंजो वाजवणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. तरुणपणी ते मुंबईत टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. तिथून परत आले ते भंगारातल्या मराठी टाइपरायटरची बटणं पिशवीत घेऊन, आणि ती त्यांनी बेंजोवर बसवली. त्यामुळे त्यांच्या बेंजोवर ओळीने अक्षरं होती — क, त, र, न. एक बटण पुढे कधीतरी तुटलं, तिथे त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलं. डाव्या हाताने अक्षरं दाबायची, उजव्या हातात प्लास्टिकच्या डबीचं झाकण कापून केलेली पट्टी, तिने तारा छेडायच्या. लहानपणी मला वाटे, काका गाणं टाइप करतात.

दिवसा ते शिवणकाम करत. लग्नसराईत आणि गणपतीत मशीनवर कापड टाकून ठेवत आणि त्यांची बेंजो पार्टी बाहेर पडे. हातगाड्यावर अॅम्प्लिफायर, बॅटरी, वर भोंगा, मागे ताशा आणि ढोल, आणि गाड्याच्या तोंडाशी मांडी घालून काका. नाचणाऱ्यांकडे तोंड करून. ते कुणाच्याही तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. पाय थकले की चाल उतरवायचे, श्वास घेऊ द्यायचे, आणि पुन्हा अशी उचलायचे की दारात उभी राहिलेली म्हातारी माणसंही हलायला लागत. नवरी निघताना तेच हात इतके हळू होत की भोंग्यातून येणारा तो कर्कश, पत्र्यासारखा आवाज रडतोय असं वाटे. डीजे येईपर्यंत त्यांनी असं आयुष्य काढलं. डीजे आले आणि सुपाऱ्या कमी झाल्या. मग बोटं आखडायला लागली. बोटं आखडली ती काही डीजेमुळे नाही, पण काका दोन्ही एकाच दमात सांगत.

त्यांना एकच मूल — सुमन. आमची सुमी. माझ्याहून लहान, मला अविदादा म्हणते. लग्न झालं, टिकलं नाही, ती माहेरी परत आली आणि वडिलांच्या मशीनवर बसली. तिच्याबद्दल मला नंतर लिहायचंय. आत्ता नको.

मी शिकलो, इंजिनिअर झालो, इथे आलो. जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसने जातो, गळ्यात पास अडकवून, आणि त्याच बसने परत येतो. आमच्या मंडळाचा गणपती एका हॉलमध्ये बसतो. बाकी सगळं असतं — अथर्वशीर्ष, नाटुकली, मोदक — मिरवणूक तेवढी हॉलच्या आतल्या आत. एका वर्षी कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, विसर्जनाला काहीतरी आपल्या मातीतलं पाहिजे राव. आणि मी म्हणून गेलो, आमच्या गावच्या घरी बेंजो आहे. माझे काका पट्टीचे वाजवणारे.

“आणि तू?” क्वीन्सटाउनचा शिरीष म्हणाला. तो बँकेत आहे, ढोलकी बरी वाजवतो.

“मीही वाजवतो थोडं,” मी म्हणालो.

का म्हणालो? मी अनेकदा विचार केलाय. आयुष्यभर ज्या गाड्यामागून मी लाजत चाललो — कॉलेजातले मित्र वरातीत भेटले तर मी काकांना ओळख दाखवत नसे — तोच गाडा इथे एकदम मोठेपणाचा झाला होता. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. ते कौतुक सोडवेना. एवढंच.

मी मागवून घेतला एक स्वस्तातला बेंजो. शिकायचा प्रयत्नही केला, खरंच केला. पण ब्लॉकमध्ये आवाज चालत नाही, शेजारच्या आजीबाई दार ठोठावतात — हे मी सगळ्यांना सांगायचो, आणि ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं हे की माझी बोटं चालत नव्हती. कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा माझ्या हाताखालून आरतीची एक ओळ निघत होती, तीही लंगडत.

माझ्या फोनमध्ये काकांचं एक रेकॉर्डिंग होतं. गावी गेलो होतो तेव्हा ओटीवर केलेलं, वरातीची एक जुनी चाल, नुसता बेंजो, साथ नाही. ते मी साउंडवाल्याला दिलं. मध्यमवयीन चिनी माणूस, त्याला आमच्या कशातच रस नव्हता. त्याने दोन्ही ऐकून पाहिलं, फोनमधलंही आणि माझंही. मग म्हणाला, “बॉस, युअर माइक झीरो, कॅन?”

“कॅन,” मी म्हणालो. म्हणजे माझा आवाज बंद, फोनमधला चालू.

शून्यावरचा माइक पुढे घेऊन मी वाजवलो — वाजवलं म्हणताना लिहिणारा हातही चुकतो बघा. मी बोटं हलवली. हॉल नाचला. मंडळातले काका लोक (वय झालेले, टाय लावणारे, फायनान्समधले) खुर्च्या मागे सारून नाचले. माझी मुलगी तेव्हा लहान होती, ती पुढे उभी राहून ओरडत होती, “दॅट्स माय बाबा, लाह!” तिच्या मैत्रिणींना. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी मी बघितलं आणि बोटं हलवत राहिलो.

पुढच्या वर्षीही हलवली. त्याच्या पुढच्याही. शिरीष एकदा म्हणाला, “साल्या, तुझी लय दरवर्षी एकाच जागी पळते आणि एकाच जागी थांबते. माणूस आहेस की मशीन?” सगळे हसले. मीही हसलो. सर्वांत मोठ्याने मीच.

आता थांबतो. कारण इथवर जे लिहिलं त्यात एक वाक्य खोटं आहे. कबुली द्यायला बसलो आणि त्यातही खोटं लिहिलं — तुम्हाला तरी मी कोण म्हणून दिसतोय? पण ते खोडत नाही, तसंच राहू देतो.

ते रेकॉर्डिंग काकांचं नव्हतं.

त्या दुपारी काका बोटं दाखवायला महाडला गेले होते. सुमी बेंजोच्या तारा लावत बसली होती. ते तिचंच काम. ती लहान असल्यापासून काका तारा तिच्याकडून लावून घेत, बटणं तिच्याकडून तपासून घेत, कारण तिचा कान त्यांच्या कानापेक्षा पक्का होता. वाजवायची मात्र नाही. गाड्यावर बाई बसत नाही, पुढे पिऊन नाचणारे असतात, कुणीही काहीही बोलतं. ती तारा लावायची, बटणं बघायची, आणि गाडा निघाला की दारातून बघायची. अख्खी चाल ती फक्त काका घरी नसताना वाजवे. त्या दुपारी तिने वाजवली, माझ्यासमोर, आणि मी फोन काढला. ती लाजली, म्हणाली, अण्णांना ऐकवू नकोस हं. वडिलांना ती अण्णा म्हणते. आणि वाजवत राहिली. मध्येच आत कुकरची शिट्टी झाली, तशी ती खळखळून हसली, पण हात थांबला नाही. शिट्टीही तिने चालीत घेतली, एक मात्रा लांबवून.

मी गाणं समजणारा माणूस नाही. पण लहानपणापासून त्या गाड्यामागून चाललोय. काकांच्या उमेदीतही ती चाल मी इतकी चांगली ऐकली नव्हती.

साउंडवाल्याला देण्यापूर्वी मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर साफ केलं. शिट्टी आणि हसू कापून टाकलं. तेवढं मला येतं.

पहिल्याच वर्षी कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत गावी पोचला. काकांचा फोन आला. “अवि, अरे कधी शिकलास? अगदी माझा हात आहे रे. अगदी माझा हात.” ते फोनच्या बारीक स्पीकरवर ऐकत होते, पुन्हा पुन्हा लावत होते. स्वतःच्या लेकीची अख्खी चाल त्यांनी कधी ऐकलीच नव्हती, मग ओळखणार कशी? हात त्यांचाच होता. तो तिच्याकडे गेला होता, आणि त्यांना तो माझ्याकडे दिसत होता.

मी म्हणालो, “तुमच्याकडूनच शिकलो की काका, बघून बघून.”

मग फोन सुमीकडे गेला. आधी तिने काकांची खुशाली कळवली नाही, नेहमीसारखी. नंतर म्हणाली, “अविदादा, कुकरची शिट्टी कुठे गेली रे?”

चेष्टेच्या सुरात म्हणाली. म्हणजे मला निसटायला वाट ठेवून. मी हसलो. “काय गं, कसली शिट्टी? बरं, तब्येत कशी आहे काकांची?” आणि ती मला काकांची तब्येत सांगायला लागली. औषधं, शेक, कोणतं बोट वळतं, कोणतं वळत नाही. सगळं नीट सांगितलं तिने. मी हूं हूं करत ऐकलं.

यापेक्षा वाईट काय असेल, असं तुम्हाला वाटेल. आहे.

व्हिडिओच्या आधी, त्याच वर्षी, काकांनी मला एक गोष्ट विचारली होती. पार्टीतली माणसं म्हातारी झाली होती, ताशेवाला वारला होता. गावातल्या पोरांनी ठरवलं होतं की यंदा गणपतीला डीजे नको, बेंजो काढू. काकांची बोटं चालणार नव्हती. ते फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “अवि, सुमीला बसवली तर गाड्यावर? आमच्या गावात आजवर कुणी बाई बसवली नाही. पण तिला तारा कळतात. वाजवते थोडं. अख्खी मिरवणूक निभावेल का ते काय कळत नाही मला. तू बाहेरचं जग बघतोस, तू सांग.”

त्या माणसाने आयुष्यात मला सल्ला विचारला तो एकदाच. आणि उत्तर माझ्या खिशात होतं. नुसतं पाठवायचं होतं — काका, हे ऐका, ही तुमची सुमी. पण तेच रेकॉर्डिंग मी त्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी साफ करून ठेवलं होतं. ते पाठवलं असतं तर उद्या व्हिडिओ बघून त्यांना कळलं असतं. मी म्हणालो, “बघा काका. गावातली माणसं कशी घेतील, विचार करून ठरवा.”

विचार करून ठरवा. किती समजूतदार वाक्य आहे.

ते विचार करत राहिले. आणि मग माझा व्हिडिओ गेला; आमचं विसर्जन दीड दिवसात होतं, गावचं अनंत चतुर्दशीला. त्यानंतर त्यांनी सुमीचं नाव काढलं नाही. कशाला काढतील? घरातल्या मुलाच्या हातात कला गेली होती, तीही परदेशात. गावाशी भांडायची, रीत मोडायची गरजच उरली नाही. त्यांना एक सोपी वाट हवी होती आणि मी ती दिली. त्या गणपतीला पोरांनी शेवटी डीजे आणला.

पुढच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा काकांनी घरी माणसं बोलावली होती. पार्टीतले उरलेले दोघे, आळीतले चारजण. सगळ्यांसमोर त्यांनी बेंजो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा आता सिंगापूरला वाजेल. मला वाजवून दाखव म्हणाले तर काय करायचं, एवढीच धास्ती मला होती. बोट दुखावलंय म्हणून मी चिकटपट्टी लावून गेलो होतो. होय, चांगल्या बोटाला. काका माझ्या त्या बोटाकडे बघून हळहळले. म्हणाले, जप रे बोटांना.

बेंजो सुमीने बांधून दिला. स्वतःची साडी फाडली, आधी एक थर, मग दुसरा. विमानात ताण येऊन तुटू नयेत म्हणून तारा उतरवल्या. “सैल केल्यात,” म्हणाली, “तिथे गेल्यावर चढव.” माझ्याकडे बघितलं नाही. गाठ मारली, ओढून बघितली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्या तारा मी कधीच चढवल्या नाहीत. मुलगी सुरुवातीला म्हणायची, “बाबा, आजोबांच्या बेंजोवर वाजव ना, जस्ट वन साँग.” मी म्हणायचो, तारा सैल आहेत गं. मग ती म्हणायची थांबली. मंडळात मी नोकरीचं कारण काढून वाजवणं सोडलं. अजूनही कुणीतरी दरवर्षी विचारतं, आणि मी खांदे दुखतात म्हणतो.

काका गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. मागितली असती तर मिळाली असती. शेवटच्या दिवसांत ते माझा व्हिडिओ लावून मागायचे, असं मला सुमीनेच सांगितलं. तीच फोन धरून बसायची त्यांच्या कानाशी. स्वतःचीच चाल, माझ्या नावाने, कितीदा लावली असेल तिने? मी विचारलं नाही.

या मे महिन्यात मी बेंजो घेऊन गावी गेलो. शेल्टरमधून काढला तेव्हाच त्याला बंद खोलीचा दमट वास येत होता. सुमीने ओटीवर साडी सोडली. तारांवर गंज चढला होता, एक हाताला लागताच तुटली. अक्षरांची बटणं फुगलेल्या लाकडात अडकून बसली होती. तिने क दाबला, तो खाली गेला आणि वर आलाच नाही. बाटलीचं झाकण कुठेतरी गळून पडलं होतं. तिने ती रिकामी जागा बोटाने चाचपली.

मी म्हटलं, दुरुस्त करून आणू, कोण करतं ते सांग. ती म्हणाली, करणारे आता कुणी नाहीत. मग म्हणाली, आणि मी विसरले रे सगळं. हात चालत नाही आता. शिलाईची सवय लागली की बोटांचं दुसरं वळण जातं. ती तक्रार करत नव्हती. कापड किती आटतं ते सांगावं तसं सांगत होती.

तेव्हा मी बोललो. सगळं, इथे लिहिलंय ते, शून्यावरच्या माइकपासून. काकांनी तिच्याबद्दल विचारलं होतं तेही. व्हिडिओचं तिला माहीत होतं; हे माहीत नव्हतं. तिचा हात बटणावरून उचलला गेला आणि तसाच राहिला.

“अण्णांनी विचारलं होतं?” ती म्हणाली. “मला बसवायचं?”

“हो.”

“कधी?”

मी सांगितलं. तिने अंगणाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, “मला वाटायचं, त्यांच्या कधी मनातच आलं नाही.” आणि साडी पुन्हा बेंजोवर ओढायला लागली, कडेकडेने, एखाद्यावर पांघरूण घालावं तशी.

मी तिच्यासमोर खाली बसलो. घरून ठरवून नेलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, “सुमे, ती चाल तुझी होती. मी माझी म्हणून सांगितली. काकांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं आणि मी दिलं नाही. तुझी जागा मी घालवली. माझं चुकलं.”